जुनं पेजमेकर ईबेच्या लिलावातून घेताना

जुन्या दिवाळी अंकांच्या, स्मरणिकांच्या, कुळवृत्तांतांच्या पेजमेकर फायली पडून आहेत, त्या उघडणारा संगणक मान टाकून बसलाय आणि पेजमेकर आता कुठल्याच दुकानात मिळत नाही, अशा अवस्थेत जो कोणी असेल त्याच्यासाठी हे लिहितोय. पेजमेकर म्हणजे पुस्तकाची पानं संगणकावर मांडायचं अ‍ॅडोबी कंपनीचं सॉफ्टवेअर. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ साली आली. नंतर अ‍ॅडोबीने सगळा जोर त्याच कामाच्या नव्या सॉफ्टवेअरवर, इनडिझाइनवर, दिला. मराठी डीटीपीत, म्हणजे संगणकावरच्या पानमांडणीत, मात्र पेजमेकर पुढे कितीतरी वर्षं टिकलं, कारण श्रीलिपी, आकृती, आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे जुने फॉन्ट त्यात नीट बसत आणि ऑपरेटरच्या बोटांना तेच शॉर्टकट सवयीचे होते.

जुनं, खोक्यातलं, बिलासकट पेजमेकर मिळण्याची मुख्य जागा म्हणजे ईबे या ऑनलाइन बाजारावरचा परदेशी लिलाव. आपल्याकडचं ईबे इंडिया, म्हणजे २००४ मध्ये विकत घेतलं गेलेलं मुंबईचं बाझी डॉट कॉम, ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झालं. तेव्हापासून खरेदी बहुतेक अमेरिकेतल्या विक्रेत्यांकडूनच होते. पुढची पद्धत पेजमेकरला धरून सांगतोय, पण जुनं कोरलड्रॉ, फोटोशॉप, ऑफिस घेतानाही तीच चालते. जिथे फरक पडतो तिथे सांगेनच.

१. आधी ठरवा, विकत घ्यायलाच हवं का

इनडिझाइन सीएस६ (२०१२) आणि त्याआधीच्या आवृत्त्या पेजमेकर ६.० ते ७ च्या फायली उघडतात. त्यानंतरच्या क्रिएटिव्ह क्लाउडमधल्या इनडिझाइनने ही सोय काढून टाकली. तेव्हा पाच-दहाच फायली असतील तर ओळखीच्या एखाद्या प्रेसमध्ये सीएस६ चालू आहे का ते विचारा, चहा पाजा आणि काम करून घ्या. मांडणी थोडी सरकते, पण मजकूर हाती लागतो. पेटीभर सीड्या असतील, जुनी पुस्तकं जशीच्या तशी पुन्हा छापायची असतील, तरच पुढे वाचा.

एक गोष्ट लक्षात असू द्या. नुसतं पेजमेकर आलं म्हणजे मराठी दिसेल असं नाही. पेजमेकरला युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत, कळत नाही. फाईल ज्या फॉन्टमध्ये केली तोच फॉन्ट संगणकावर हवा, नाहीतर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. आधी फॉन्टची खात्री करा, मग लिलावाकडे वळा. उलट्या क्रमाने गेलेले बरेच जण भेटतात.

२. नेमकं काय हवंय ते कागदावर लिहा

लिलावाच्या पानावर "पेजमेकर ७, उत्तम स्थितीत" एवढंच असतं. त्या ओळीमागे चार वेगवेगळ्या वस्तू असू शकतात.

प्लॅटफॉर्म: विंडोजची आणि मॅकची सीडी वेगळी. मॅकवरचं पेजमेकर जुन्या मॅक ओएस ९ वर किंवा ओएस टेनच्या 'क्लासिक' सोयीत चालायचं. आजच्या मॅकवर ते चालणार नाही. मॅकचा खोका स्वस्त जातो तो म्हणूनच.

पूर्ण की अपग्रेड: इथे सर्वांत जास्त लोक फसतात. अपग्रेडची सीडी बसवताना आधीच्या आवृत्तीचा सिरियल नंबर मागितला जातो. तो नसेल तर काम तिथेच अडतं. खोक्यावर अपग्रेड असं छापलेलं असतं, पण विक्रेता फोटो नेमका दुसऱ्या बाजूने काढतो. दर वेळी मुद्दाम असं नाही. अनेकांनी कपाट आवरताना सापडलेलं विकायला काढलेलं असतं आणि त्यांना स्वतःलाच फरक माहीत नसतो.

कुणासाठी: विद्यार्थ्यांसाठीची, परीक्षणासाठी दिलेली किंवा 'पुनर्विक्रीसाठी नाही' असा शिक्का असलेली प्रत घेऊ नका. त्या काळच्या अ‍ॅडोबीच्या करारांत अशा प्रती दुसऱ्याला देण्यास सरळ मनाई असे.

ओईएम: म्हणजे स्कॅनर, प्रिंटर किंवा संगणकाबरोबर आलेली प्रत. ईबेच्या नियमांतही ओईएम सॉफ्टवेअर मूळ यंत्राबरोबरच विकायचं असतं. सुटं दिसलं तर पुढच्या पानावर जा.

३. हक्काचा प्रश्न, न टाळता

जुनं पुस्तक विकताना लेखकाला विचारावं लागत नाही. सॉफ्टवेअरचं तसं नाही, आणि कुठल्या देशात उभे आहात त्यावर उत्तर बदलतं.

अमेरिकेतलं गाजलेलं प्रकरण ईबेवरचंच आहे. सिएटलच्या टिमोथी व्हर्नर यांनी ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरच्या रिलीज १४ च्या जुन्या प्रती एका वास्तुविशारद कंपनीकडून घेतल्या आणि लिलावाला काढल्या. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने त्या पुन्हापुन्हा उतरवायला लावल्या. व्हर्नर कोर्टात गेले, खालच्या कोर्टात जिंकले, पण सप्टेंबर २०१० मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने निकाल फिरवला. कंपनीने मालकी स्वतःकडे ठेवून फक्त परवाना दिला असेल आणि हस्तांतरावर बंधनं घातली असतील, तर विकत घेणारा त्या प्रतीचा मालक होत नाही, असं कोर्टाने म्हटलं. या प्रकरणातली आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. त्या वास्तुविशारद कंपनीने ऑटोकॅड २००० चं सवलतीतलं अपग्रेड घेतलं होतं आणि त्या बदल्यात रिलीज १४ च्या प्रती नष्ट करायच्या असं ठरलेलं होतं. त्याच प्रती पुढे विकल्या गेल्या. खोका खरा, सीडी खरी, पण त्यामागचा परवाना केव्हाच संपलेला.

युरोपात चित्र वेगळं आहे. ३ जुलै २०१२ ला युरोपीय न्यायालयाने यूजसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात सांगितलं की कायमस्वरूपी परवाना पैसे देऊन घेतला असेल तर तो पुढे विकता येतो, अगदी डाउनलोड केलेल्या सॉफ्टवेअरचाही. अट अशी की विकणाऱ्याने स्वतःची प्रत निकामी करायला हवी. २०१६ मध्ये लॅटव्हियातून आलेल्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने पुढची रेघ ओढली: मूळ सीडी हरवली किंवा खराब झाली म्हणून बॅकअपची सीडी विकणं कंपनीच्या परवानगीशिवाय चालणार नाही.

भारतात हे निकाल लागू नाहीत. आपल्याकडे १९५७ चा प्रताधिकार कायदा आहे. त्याच्या कलम ६३ब प्रमाणे सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. प्रेस चालवणाऱ्याने हे हसण्यावारी नेऊ नये.

मग करायचं काय? त्या सॉफ्टवेअरच्या करारातलं हस्तांतराचं कलम वाचायचं. अ‍ॅडोबीच्या जुन्या करारांत सहसा हस्तांतराची परवानगी असे, पण अटींसह: करार, सीडी, सगळ्या प्रती, अपडेट आणि आधीच्या आवृत्त्या सगळंच द्यायचं, स्वतःकडे बॅकअपसुद्धा ठेवायचा नाही, आणि घेणाऱ्याने करार मान्य करायचा. विक्रेत्याला काय विचारायचं त्याची यादी या एका कलमातूनच तयार होते.

४. लिलावाचं पान वाचताना

एकच विक्रेता एकच जुनं सॉफ्टवेअर "दहापेक्षा जास्त उपलब्ध" म्हणून विकत असेल तर थांबा. वापरलेली खरी प्रत साधारण एकच असते. फारतर बंद पडलेल्या एखाद्या कार्यालयाच्या पाच-सहा.

"सीडी पाठवणार नाही, 'की' (सॉफ्टवेअर चालू करायचा क्रमांक) ई-मेलने पाठवतो" असं असेल तर पान बंदच करा. स्वस्तातल्या अशा कीज बऱ्याचदा मोठ्या संस्थेच्या सामूहिक परवान्यातून फुटलेल्या असतात. आज चालतात, काही महिन्यांनी कंपनी बंद करते. तोवर तक्रारीची मुदतही उलटलेली असते.

फोटोत सीडीची खालची बाजू बघा. कारखान्यात छापलेली सीडी चंदेरी दिसते. घरी लिहिलेल्या सीडीला निळसर, हिरवट किंवा जांभळट झाक असते. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एक्सपीच्या काळातल्या सीड्यांत होलोग्राम चकतीच्या आतच असतो. वरून चिकटवलेला चकचकीत कागद नखाने निघत असेल तर ती नकली.

विक्रेत्याच्या चांगल्या शेऱ्यांचा टक्का ९९ असला तरी थोडं आत शिरा. तो आजवर काय विकत आलाय? तीन वर्षं मोबाईलची कव्हरं विकणारा अचानक महागडं सॉफ्टवेअर काढत असेल तर त्याचं खातं दुसऱ्याच कोणाच्या हातात गेलेलं असू शकतं. नकारात्मक शेरे तारीख बघून वाचा. जुना एखादा शेरा सोडून द्या, ताजे सलग तीन सोडू नका.

पेजमेकर घेणाऱ्याचं नशीब एका बाबतीत चांगलं आहे: त्याला ऑनलाइन अ‍ॅक्टिव्हेशन (इंटरनेटवरून कंपनीकडून होणारी परवान्याची पडताळणी) लागत नाही, सिरियल नंबर पुरतो. अ‍ॅडोबीने अ‍ॅक्टिव्हेशन सुरू केलं ते २००३ च्या फोटोशॉप सीएसपासून. त्यानंतरचं काहीही घेताना कंपनीचा अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर अजून चालू आहे का ते आधी शोधा. सीएस२ चा सर्व्हर अ‍ॅडोबीने डिसेंबर २०१२ मध्येच बंद केला. ऑफिस २०१३ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांची की एकदा वापरली की ती पहिल्या मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडली जाते. तेव्हा वापरलेलं ऑफिस २०१६ म्हणजे नुसता पुठ्ठा.

५. विक्रेत्याला विचारायचे प्रश्न

बोली लावण्याआधी विचारा, आणि ईबेच्याच निरोपांत विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा खाजगी ई-मेलवर झालेलं बोलणं वाद झाला तर ईबे बघत नाही. साध्या इंग्रजीत, थोडक्यात:

ही पूर्ण आवृत्ती आहे की अपग्रेड? अपग्रेड असेल तर आधीच्या आवृत्तीची सीडी आणि सिरियल नंबर बरोबर देणार का?

तुम्ही स्वतः यावरून पुढची आवृत्ती सवलतीत घेतली होती का? (व्हर्नर प्रकरण आठवा.)

सिरियल नंबर कशावर छापलेला आहे? शेवटचे काही आकडे झाकून फोटो पाठवाल का? संपूर्ण नंबर मागू नका. पान उघडं असताना तो कोणीही उचलेल. विक्रेत्याने आधीच पूर्ण नंबर फोटोत दाखवला असेल तर ती प्रत सोडा, कारण तो नंबर आता जगाचा झाला.

खोक्याशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून एक फोटो काढाल का?

तुमच्या संगणकावरून काढून टाकून, एकही प्रत न ठेवता विकत असल्याचं सही केलेलं पत्र द्याल का? पत्रात सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, सिरियल नंबर, दोघांची नावं आणि तारीख असावी. मसुदा तुम्हीच लिहून पाठवा, तो फक्त सही करेल.

प्रामाणिक विक्रेता यातल्या निम्म्या प्रश्नांना "मला माहीत नाही, काकांच्या कपाटात सापडलं" असं उत्तर देतो. त्याने बिचकू नका. फोटो मागितल्यावर देतो की नाही, हे बघा. जो फोटो टाळून "लवकर घ्या, दुसरा गिऱ्हाईक तयार आहे" म्हणतो, त्याला दुसराच गिऱ्हाईक मिळू दे.

६. बोली

'संपलेले आणि विकले गेलेले' हा चाळणीचा पर्याय निवडून आधीचे सौदे किती किमतीला गेले ते पाहा. विक्रेत्याने मागितलेली किंमत आणि प्रत्यक्षात मिळालेली किंमत यांत मोठं अंतर असतं.

ईबेवर तुम्ही तुमची कमाल रक्कम टाकता. यंत्रणा तुमच्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवते. समजा सध्याची बोली २० डॉलर आहे, दुसऱ्याची कमाल ४५ आहे आणि तुम्ही ६० टाकलेत, तर तुम्हाला वस्तू ४६ ला मिळेल, कारण त्या टप्प्यात बोली एकेका डॉलरने वाढते. म्हणून कमाल रक्कम एकदाच, शांतपणे, टपालखर्च धरून ठरवा आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात टाका. आधी टाकली की लोक चाचपत वर चढवत नेतात. ठरलेल्या सेकंदाला ईबेचा लिलाव संपतो, शेवटच्या बोलीने वेळ वाढत नाही. वेळेचा हिशेब मात्र नीट करा. ईबेची अमेरिकी साइट पॅसिफिक वेळेने चालते आणि आपण त्यांच्या साडेबारा किंवा साडेतेरा तास पुढे असतो, हंगामाप्रमाणे. त्यांची रविवार संध्याकाळ म्हणजे आपली सोमवार सकाळ, नेमकी ऑफिसला निघायची वेळ.

लावलेली बोली बांधील असते. फक्त ठराविक कारणांसाठीच मागे घेता येते. गंमत म्हणून आकडा टाकू नका.

हरलात आणि नंतर "पहिला गिऱ्हाईक मागे हटला, तुम्हालाच देतो" असा ई-मेल आला तर तो ईबेच्या तुमच्या निरोपपेटीतही दिसतोय का ते तपासा. खरा दुसऱ्या संधीचा प्रस्ताव तिथे दिसतोच. नसेल तर तो सापळा.

७. पैसे आणि पत्ता

हाताशी हवं ते: परदेशी व्यवहार चालू केलेलं कार्ड (ते बँकेच्या अ‍ॅपमधून स्वतः चालू करावं लागतं) किंवा पेपॅल, पॅन, आधार आणि लिलावाच्या पानाचे स्क्रीनशॉट. पैसे ईबेच्याच पानावरून द्या. "पेपॅलवर मित्र आणि कुटुंब म्हणून पाठवा, पाच डॉलर कमी करतो" म्हणणाऱ्याला नकार द्या. तशा पैशांना पेपॅलचं खरेदीदार संरक्षण नाही. गिफ्ट कार्ड मागणारा तर उघडच चोर.

थेट भारतात मागवलं तर सीमाशुल्क लागतं, कुरिअर केवायसीसाठी कागद मागतं आणि वापरलेल्या मालाच्या आयातीला वेगळे नियम आहेत. पैसे भरण्याआधी कुरिअरला विचारून घ्या. मुळात बरेच विक्रेते अमेरिकेबाहेर पाठवतच नाहीत. म्हणून आपले बहुतेक जण न्यू जर्सीच्या मावशीचा किंवा बे एरियातल्या भाच्याचा पत्ता देतात. चांगला मार्ग आहे, पण त्यात एक खोच आहे. ईबेची पैसे परत मिळण्याची हमी माल त्या पत्त्यावर पोचल्यापासून साधारण ३० दिवसांची. खोका तिथून पुढे दुसऱ्या पत्त्यावर गेला की हमीचा आधार सुटतो. मावशी डिसेंबरात येणार आणि तोवर खोका तिच्या गराजमध्ये, असं झालं तर तपासणीची संधीच गेली. भाच्याला त्याच आठवड्यात खोका उघडून व्हिडिओ काढायला आणि सीडी संगणकात घालून बघायला सांगा. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह त्याच्या हाती पडेल अशी व्यवस्था लिलावाआधीच करा.

८. तपासणी

पहिल्यांदा सीडीची पूर्ण प्रतिमा फाईल, म्हणजे अख्ख्या सीडीची एकच हुबेहूब फाईल, बनवा. वाचताना अडखळली तर लगेच तक्रार नोंदवा. कायदेशीर प्रतीच्या धारकाला, ती हरवली किंवा खराब झाली तर हाताशी असावी म्हणून, बॅकअप काढायची मुभा आपल्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे.

मग विषाणू तपासणी, आणि मगच स्थापना. तीही रोजच्या संगणकावर नको. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या आभासी यंत्रात (संगणकातच चालणाऱ्या दुसऱ्या, नकली संगणकात), परवाना असलेल्या जुन्या विंडोजवर, इंटरनेट तोडून. सिरियल नंबर स्वीकारला, प्रोग्राम उघडला, एवढ्यावर खूश होऊ नका. तुमची सर्वांत अवघड फाईल उघडा: चित्रं, तक्ते, जोडाक्षरं असलेली. पीडीएफ किंवा पोस्टस्क्रिप्ट बाहेर पडतं का ते बघा.

वर्णनाप्रमाणे वस्तू नसेल तर 'वर्णनाशी जुळत नाही' हेच कारण निवडा. 'मन बदललं' निवडलंत तर परतीचा खर्च तुमच्या गळ्यात पडू शकतो. भारतातून कोणी पैसे उकळले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. पैसे गोठवायला पहिले काही तासच हातात असतात.

९. डोंगल असलेलं मराठी सॉफ्टवेअर

श्रीलिपी, आयएसएम यांच्या जुन्या आवृत्त्या ईबेवर क्वचितच दिसतात. एखादी प्रेस बंद झाली की त्या आपल्याकडच्या जाहिरातींत आणि गटांत येतात. त्यांची गोष्ट वेगळी, कारण तिथे सगळा जीव लॉकमध्ये, म्हणजे डोंगलमध्ये: संगणकाला लावल्याशिवाय प्रोग्राम उघडत नाही अशी ती छोटी वस्तू. सीडी नसेल तर एकवेळ चालेल, लॉक नसेल तर काहीच नाही.

प्रिंटर पोर्टला लागणारं पंचवीस पिनांचं जुनं लॉक असेल तर यूएसबी-टू-पॅरलल केबलवर विसंबू नका. त्या केबली प्रिंटरसाठी बनवलेल्या असतात, लॉक त्यांवर सहसा ओळखलं जात नाही. खरा पॅरलल पोर्ट असलेला जुना संगणकच शोधा, शक्यतो त्याच विक्रेत्याकडून, चालू स्थितीत. लॉक हातात घेऊन, ते लावून, प्रोग्राम उघडलेला स्वतः बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कुरिअरने मागवायची ही वस्तूच नाही. लॉकवरचा क्रमांक टिपून कंपनीला विचारा, हे नाव बदलून मिळेल का आणि लॉक खराब झालं तर काय. "लॉकशिवाय चालणारी आवृत्ती देतो" म्हणणारा भेटेलच. ती चोरीची प्रत.

सगळं सुरळीत झालं की बिल, विक्रेत्याचं पत्र, निरोपांचे स्क्रीनशॉट आणि सिरियल नंबरचा फोटो एका पाकिटात घालून खोक्यातच ठेवा. काम संपलं आणि तुम्हीच पुढे विकायला काढलंत, तर हे पाकीट बरोबर द्या आणि स्वतःच्या संगणकावरून पेजमेकर काढून टाका, बॅकअपसकट.